दोनशे अकरा दीर्घिका आणि एक ओल

(तारांगणाचं नवं गोल दालन. दुपारचे तीन. काळ्या रंगवलेल्या भिंतीवर शेकडो दीर्घिका. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या, पिवळट, धूसर गोळ्यासमोर पेंटरबाई हात पसरून उभ्या आहेत. त्यांच्यासमोर ओल काढणारा मिस्त्री.)

पेंटरबाई: आधी ती छिन्नी खाली ठेवा. मग काय ते बोला.

मिस्त्री: मावशी, छिन्नी माझ्या हातात आहे, तुमच्या अंगावर नाही. जरा बाजूला व्हा. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं प्लॅस्टर उडवतो, आतून बंदोबस्त करतो, वरून काळा रंग मारतो. उद्या कुणाला कळणारही नाही इथे ओल होती म्हणून.

पेंटरबाई: ओल नाही ही. दीर्घिका आहे.

मिस्त्री: काय आहे?

पेंटरबाई: दीर्घिका. आपली आकाशगंगा असते ना, तशी दुसरी. लांबची. एकेकीत अब्जावधी तारे असतात.

मिस्त्री: मावशी, बावीस वर्षं ओल काढतोय. लोक काय काय सांगतात मला. एका आजोबांना छतावरच्या ओलीत त्यांचा थोरला भाऊ दिसायचा. हातच लावू देईनात. शेवटी घरच्यांनी त्या थोरल्यालाच बोलावून आणलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, माझं नाक एवढं सुजलेलं नाही. मग कुठे मला शिडी लावता आली.

पेंटरबाई: मला कुणाचा भाऊ दिसत नाही. मी रंगवलीय ती. ह्या हातांनी.

मिस्त्री: मग तक्रार कशी आली? हा कागद बघा. “तक्रार क्रमांक एकशे चार. दालन तिसरे, पूर्वेची भिंत. मधोमध मोठी ओल. आकार लांबट गोल. मध्यभागी उजळ, बाहेर फिकट होत गेलेली. रंग पिवळट, किंचित तांबूस.”

पेंटरबाई: कुणी लिहिलंय हे?

मिस्त्री: पाहणी समितीनं.

पेंटरबाई: उत्तम लिहिलंय. मला ज्या खगोलवाल्या मॅडमनी फोटो दिला, त्यांनाही इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

मिस्त्री: म्हणजे ही खरंच अशीच दिसते?

पेंटरबाई: अशीच. लंबवर्तुळाकार म्हणतात हिला. लांब कुठेतरी दीर्घिकांचा एक मोठा घोळका आहे, त्याच्या मधोमध ही बसलीय. तिचा उजेड इथवर यायला तीनशे कोटी वर्षं लागली.

मिस्त्री: एवढ्या लांबून आली आणि ओल ठरली.

पेंटरबाई: हसू नका.

मिस्त्री: हसत नाही मावशी. पण तुम्हीच सांगा. ह्या आजूबाजूच्या बघा. भोवऱ्यासारख्या, हात पसरलेल्या, निळ्या-जांभळ्या. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतं, आकाशातलं काहीतरी आहे म्हणून. हिला काय धाड भरली होती?

पेंटरबाई: त्या चक्राकार. कॉलेजच्या पोरींनी रंगवल्या, साचे लावून, दिवसाला आठ. ही एकटी मी घेतली. अकरा आठवडे लागले.

मिस्त्री: हिला अकरा आठवडे? भिंतीवर चहा सांडला असता तर...

पेंटरबाई: बोला, बोला. थांबलात का?

मिस्त्री: नाही, चुकलं माझं. पण अकरा आठवडे केलंत काय?

पेंटरबाई: चाळीस थर दिलेत. ब्रश लावलाच नाही. ब्रश लावला की कड येते. मऊ फडकं रंगात बुडवायचं, जवळजवळ कोरडं होईपर्यंत पिळायचं आणि टिपत जायचं. एक थर वाळला की लांब जाऊन बघायचं. काहीच फरक दिसला नाही, तर थर बरोबर बसला असं समजायचं.

मिस्त्री: कड नाही म्हणता?

पेंटरबाई: नाही.

मिस्त्री: सरका बरं जरा. हात लावत नाही. ही बघा, छिन्नी पिशवीत टाकली. आता तरी सरका... हं. ओलीला कड असते मावशी. पाणी जिथवर पोचतं तिथे खार सोडून थांबतं. पिवळी रेघ उठते. कितीही जुनी ओल असो, कितीदाही रंग मारलेला असो, ती रेघ मला बोटाला लागते. इथे मी कधीचा शोधतोय. वाटतं इथे संपली, तर त्याच्यापुढे अजून थोडी आहेच.

पेंटरबाई: खरीसुद्धा अशीच आहे. तिची हद्द कुठे धरायची ह्यावरून शिकल्यासवरल्या माणसांची भांडणं चालतात म्हणे.

मिस्त्री: वास नाही. ठोकून बघतो, हळूच, बोटानं. पोकळ आवाज नाही. थांबा, यंत्र लावतो. हे ओल मोजायचं यंत्र. शून्य. शून्य. इथेही शून्य. मावशी, ही भिंत कोरडी ठणठणीत आहे.

पेंटरबाई: मी कधीपासून काय सांगतेय?

मिस्त्री: आता माझी पंचाईत झाली.

पेंटरबाई: तुमची कशी? लिहा, ओल नाही. सही करा आणि घरी जा.

मिस्त्री: कुठे लिहू? फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. “ओल काढली” आणि “ओल काढता आली नाही.”

पेंटरबाई: “ओल नव्हतीच” असा नाही?

मिस्त्री: ज्याच्या भिंतीला ओल नाही तो फॉर्म कशाला भरेल?

पेंटरबाई: मग “काढली” वर खूण करा.

मिस्त्री: काढली म्हटलं की डाग दिसता कामा नये. आणि काढता आली नाही म्हटलं, तर माझ्या जागी मोठी कंपनी येते. ते छिन्नी वापरत नाहीत. यंत्र लावून अख्खी भिंत विटेपर्यंत सोलतात. त्या भोवऱ्यांसकट.

पेंटरबाई: मिस्त्री, एक सांगू? माझ्याच्यानं ही पुन्हा व्हायची नाही.

मिस्त्री: अकरा आठवडे म्हणजे जास्तच झाले, पण...

पेंटरबाई: आठवड्यांचं नाही हो. माझे डोळे चाललेत. दोन्ही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधलं दिसणं जातंय, ते परत येणार नाही. कडेकडेचं राहील. आता तुमच्याकडे सरळ बघितलं तर मला तुमचे कान दिसतात, चेहरा नाही.

मिस्त्री: आणि ही रंगवली कशी?

पेंटरबाई: तिरकं बघून. अंधुक वस्तू तशीच दिसते. दुर्बिणीवाले लोकही अगदी फिकट तारा बघायचा असला की त्याच्याकडे सरळ बघत नाहीत, जरा शेजारी बघतात. मॅडमनीच सांगितलं मला. मी म्हटलं, मग हे काम माझंच. पण आता तिरकंही धड दिसेनासं झालंय. ही माझी शेवटची भिंत.

मिस्त्री: घरी माहीत आहे?

पेंटरबाई: मुलाला माहीत आहे. इथे कुणाला नाही. तुम्हीही बोलू नका. उद्या उद्घाटनाला माझ्या नावाची पितळी पाटी लागणार आहे इथे खाली. एक्केचाळीस वर्षं लोकांच्या नावांच्या पाट्या रंगवल्या मी. डॉक्टर, वकील, शिंपी, पिठाची गिरणी. कोपऱ्यात बारीक सही करू का विचारलं की म्हणायचे, पाटी आमची, त्यावर तुमचं नाव कशाला? पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन म्हणालं, नाव लावू.

मिस्त्री: कोण म्हणालं?

पेंटरबाई: आमचे व्यवस्थापक. बुटांचा आवाज येतोय ना, तेच.

व्यवस्थापक: झालं का मिस्त्री? उद्या सकाळी दहाला उद्घाटन आहे आणि हा डाग अजून तसाच? नमस्कार, पेंटरबाई. तुम्ही इथे असाल असं वाटलंच होतं.

मिस्त्री: साहेब, ही ओल नाही.

व्यवस्थापक: मला माहीत आहे.

मिस्त्री: माहीत आहे?

व्यवस्थापक: अहो, ही रंगवायची मंजुरी माझ्याच सहीनं निघालीय. पण मला माहीत असून काय उपयोग? समितीनं दालनाची पाहणी केली. यादीप्रमाणे दीर्घिका दोनशे बारा हव्यात. त्यांनी मोजल्या. दोनशे अकरा भरल्या आणि एक ओल. तसा ठराव झाला, सात विरुद्ध दोन.

पेंटरबाई: ते दोघं तरी बरे.

व्यवस्थापक: एक मी. दुसऱ्यांचं म्हणणं, ही बुरशी आहे.

मिस्त्री: मग खाली लिहा ना साहेब, ही अमुक अमुक दीर्घिका आहे. वाचणाऱ्याला कळेल.

व्यवस्थापक: इथेच तर घोडं अडलंय. आमच्या पाट्यांवर आता कुणाचा विश्वास राहिलेला नाही. तुम्ही तळमजल्यावरून आलात ना? जिन्याजवळ काय बघितलंत?

मिस्त्री: भिंतीला मोठी भेग आहे. खाली पाटी होती, “भूखंड कसे दुभंगतात.”

व्यवस्थापक: ती भेगच आहे. दुरुस्तीला वेळ लागत होता आणि शाळांच्या सहली यायच्या होत्या, म्हणून आधीच्या व्यवस्थापकांनी पाटी लावली. मुलांना आवडली. मग सवयच लागली. बंद पडलेल्या लिफ्टवर लिहिलं, “अंतराळवीराचा कक्ष, आत जाऊन शांतता अनुभवा.” गळक्या नळाखाली लिहिलं, “प्राचीन काळी वेळ अशी मोजत.” एका प्राध्यापकांनी तर त्या नळावर निबंध लिहिला.

मिस्त्री: मी मघाशी त्या लिफ्टमध्ये जाऊन आलो. शांत वाटलं खरं.

व्यवस्थापक: पुढे हे सगळं उघडकीला आलं, आधीचे साहेब गेले आणि समिती नेमली गेली. आता समितीचा नियम असा, की ज्या वस्तूखाली माहितीची पाटी आहे ती मोडलेली समजावी. ह्या गोळ्याखाली मी “लंबवर्तुळाकार दीर्घिका” अशी पाटी लावली, आता काढलीय, पण त्या दिवशीच हिचं भवितव्य ठरलं. त्याआधी त्यांचं लक्षही नव्हतं.

पेंटरबाई: मॅडमना फोन करा. त्या सांगतील.

व्यवस्थापक: त्यांचं पत्र आणलं मी. समितीनं वाचलं. पण ती भेग मुद्दाम केलीय, असं पत्रही मॅडमनीच दिलं होतं.

पेंटरबाई: आता तुमचं म्हणणं काय?

व्यवस्थापक: बाई, मी तुमच्या बाजूचा माणूस आहे. रात्रभर विचार करून एक मार्ग काढलाय. हिला हात काढा.

पेंटरबाई: कसले हात?

व्यवस्थापक: शेजारच्यांना आहेत तसे, वळणावळणाचे. चारपाच नकोत, दोन पुरे. थोडा निळा रंग. समितीला कळलं पाहिजे की ओल अशी दिसत नाही. तुम्हाला तासाभराचं काम. तक्रार मिटेल, उद्या पाटी लागेल, भाषणात तुमचं नाव घेईन.

पेंटरबाई: हिला हात नसतात.

व्यवस्थापक: मला कल्पना आहे. पण कोण बघायला जाणार आहे तिथे?

पेंटरबाई: नसतात म्हणजे नसतात. हात असतात त्या तरुण, त्यांच्यात अजून तारे जन्माला येताहेत, म्हणून त्या निळ्या. हिचं ते सगळं कधीच होऊन गेलं. आता आहेत ते म्हातारे तारे घेऊन बसलीय. हिला हात काढणं म्हणजे आजीला झबलं घालणं.

व्यवस्थापक: एक हात?

पेंटरबाई: साहेब.

व्यवस्थापक: बरं, मग निदान आकार लहान करा. इतकी मोठी कशाला? सगळं होऊन गेलं म्हणता, मग एवढी फुगली कशी?

पेंटरबाई: शेजारच्यांना गिळून.

व्यवस्थापक: म्हणजे ही पसरते?

पेंटरबाई: खरी पसरते. भिंतीवरची नाही.

व्यवस्थापक: कृपा करून हे समितीसमोर बोलू नका. त्यांना तीच भीती आहे.

मिस्त्री: साहेब, हात काढले तर पाटी लागेल, आणि नाही काढले तर?

व्यवस्थापक: तर तुम्हाला तुमचं काम करावं लागेल. पाच वाजेपर्यंत हा फॉर्म मला वर न्यायचाय. दोनपैकी एका चौकोनात खूण हवी. बाई, तुम्ही ठरवा. मला वाईट वाटतंय, खरंच. पण एक हात काढला तर काय आभाळ कोसळणार आहे?

पेंटरबाई: मिस्त्री, तुम्ही सांगा. बावीस वर्षांत कधी कोरड्या भिंतीला ओली म्हणालात?

मिस्त्री: नाही. एकदा सासऱ्यांच्या घरी म्हणायची वेळ आली होती. तेव्हाही नाही म्हणालो. अजून बोलत नाहीत.

पेंटरबाई: मग मी कशी हात काढू?

व्यवस्थापक: म्हणजे नाही?

पेंटरबाई: नाही. फोडा.

मिस्त्री: थांबा. साहेब, फॉर्म द्या इकडे. ह्या खालच्या बाजूला “शेरा” म्हणून जागा आहे. तिथे काय लिहायचं असतं?

व्यवस्थापक: कारागिराचं मत. आजपर्यंत कुणी भरलेलं नाही.

मिस्त्री: मी भरतो. आधी चौकोन. “ओल काढता आली नाही.” ही खूण.

पेंटरबाई: मिस्त्री, ती खूण आधी कधी केली होती तुम्ही?

मिस्त्री: नव्हती. पेन जरा अडखळलं, दिसलं असेल तुम्हाला... म्हणजे, असो. साहेब, आता लिहिता लिहिता वाचून दाखवतो, चुकलं तर सांगा. “ओल फार जुनी आहे. वाढत नाही, गळत नाही, वास नाही. भिंतीत पुरती मुरलेली आहे. काढायला गेल्यास भिंत कमकुवत होईल आणि बाकीच्या दोनशे अकरा दीर्घिका खाली येतील. सबब आहे तशी ठेवावी.”

व्यवस्थापक: “दर सहा महिन्यांनी पाहणी करावी” हे घाला. पाहणी म्हटलं की समिती शांत होते.

मिस्त्री: घातलं. “पाहणी सदर मिस्त्री स्वतः करील.” म्हणजे मोठी कंपनी येणार नाही?

व्यवस्थापक: कारागिरानं भिंतीची जबाबदारी घेतली की नियमानं येता येत नाही. अहो, हे चालेल. तळघरातल्या गळतीला असंच केलं होतं, ती अजून आहे. फक्त एक...

पेंटरबाई: काय?

व्यवस्थापक: कागदोपत्री ही ओल झाली. कायमची. मग तिच्याखाली तुमचं नाव नाही लावता येणार बाई. ओलीखाली चित्रकार म्हणून कुणाचं नाव कसं लावणार? उलट तुम्हालाच विचारतील, ओल तुम्ही आणली का?

मिस्त्री: पाटी जरा लांब लावा. त्या भोवऱ्यांखाली.

व्यवस्थापक: ते कॉलेजच्या मुलींचं काम. त्यांची नावं लागतील तिथे.

मिस्त्री: मग मी हा फॉर्म फाडतो. मावशी, तुम्ही सांगा. फाडू?

पेंटरबाई: ती पाटी तयार झाली होती, साहेब?

व्यवस्थापक: झालीय. माझ्या टेबलावर आहे. अक्षर चांगलं आलंय.

पेंटरबाई: एकदा हात फिरवायला द्याल? उद्या-परवा कधीही. लावायला नको.

व्यवस्थापक: घरी पोचवतो मी. स्वतः.

पेंटरबाई: मग घ्या फॉर्म. ओल तर ओल.

व्यवस्थापक: बाई, मला...

पेंटरबाई: काही बोलू नका. मला रडू येतंय आणि मला रडायचं नाहीये. पाच वाजतील. जा तुम्ही.

व्यवस्थापक: जातो. मिस्त्री, जाताना दिवे मालवा.

मिस्त्री: हो साहेब... गेले. मावशी, बसा ह्या बादलीवर. उलटी करून दिलीय, पुसलीय. पाणी देऊ?

पेंटरबाई: नको. तुमच्या नावावर पहिलं अपयश लागलं ना माझ्यापायी.

मिस्त्री: बायकोला काय सांगू तेवढा प्रश्न आहे. एक ओल अशी भेटली की तिला काढायला जीव झाला नाही, असं सांगेन. ती म्हणेल, दमलात, झोपा.

पेंटरबाई: सहा महिन्यांनी याल तुम्ही?

मिस्त्री: यावंच लागेल. सही केलीय. तुम्हीही या.

पेंटरबाई: तोवर मला काय दिसणार?

मिस्त्री: तुम्ही नुसत्या उभ्या राहा. मी बघेन आणि सांगेन.

पेंटरबाई: काय सांगाल?

मिस्त्री: जे दिसेल ते. खोटं नाही सांगणार.

पेंटरबाई: मग आत्ताच सांगा. मी डोळे मिटते. सवय तरी होईल.

मिस्त्री: आत्ता? बरं. मधे सगळ्यांत उजळ आहे. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. दूध तापवताना वर जी साय धरते ना, तसा काहीसा. मग बाहेर बाहेर जाताना तांबूस होतोय. तुम्हाला घाई आहे का?

पेंटरबाई: नाही.

मिस्त्री: मला थोडा वेळ लागेल. मी तिरकं बघतोय, तुम्ही म्हणालात तसं... अरे. इथे खाली डाव्या बाजूला अजून एक आहे की. अगदी बारीक. तिच्यापासून एक धागा निघालाय, मोठीच्या आत चाललाय. ही पण रंगवलेली आहे का?

पेंटरबाई: दिसते तुम्हाला?

मिस्त्री: आधी नव्हती दिसली. आता दिसते.

पेंटरबाई: ती शेवटच्या दिवशी केली. मला दिसत नव्हती, नुसत्या अंदाजानं टिपत होते. मला वाटलं उतरलीच नसेल भिंतीवर.

मिस्त्री: उतरलीय मावशी.